आजोबांची .303 रायफल आणि वारसाचा शस्त्र परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

घरातलं परवानाधारक माणूस गेलं की पहिला प्रश्न येतो, "बंदूक आता माझ्या नावावर कशी करायची?" तो प्रश्न नंतरचा. त्याआधी शस्त्र जमा करायचं असतं. परवाना ज्याच्या नावावर होता तो गेला की घरात ठेवलेलं ते शस्त्र विनापरवाना ठरतं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे द्यावं लागतं. "तेराव्यानंतर बघू" म्हणत कपाटावर सहा महिने ठेवलेली रायफल मी पाहिली आहे. त्या घरच्यांचा कसलाही वाईट हेतू नव्हता, पण पोलिस अहवालात तेवढं एक वाक्य आलं आणि अर्ज तिथेच बसला.

जमा करताना पोचपावती घ्या आणि तिच्यावर शस्त्राचा क्रमांक आणि बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा, जसा .303) लिहून घ्या. नुसतं "एक रायफल" असं लिहिलेली पावती पुढे काही कामाची नाही. जुन्या परवाना पुस्तकात बोअरच्या जागी शाई उडालेली असते, किंवा कुणीतरी .315 च्या जागी .303 लिहून ठेवलेलं असतं. नळीवर कोरलेला आकडा आणि पुस्तकातला आकडा जुळत नसेल, तर अर्जाआधी लेखी कळवून दुरुस्ती मागा.

इतका जोर बोअरवर का, ते सांगतो. कायद्यात महत्त्व आहे ते नळीत कुठलं काडतूस बसतं आणि यंत्रणा कशी चालते याला. रायफल लष्करी दिसते की शिकारीची, याला नाही. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत .303 आणि 7.62 मिमीच्या बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायच्या) तसेच सेमी-ऑटोमॅटिक (चाप एकदा ओढला की एक गोळी सुटणाऱ्या) रायफली वर्ग एक (क) मध्ये येतात, कारण त्यांत लष्कराचा दारूगोळा चालतो. यालाच लोक 'पीबी' (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात. पूर्ण ऑटोमॅटिक शस्त्रं तर थेट निषिद्ध. ईशापूरच्या कारखान्याची .315 मात्र 'एनपीबी' (नॉन-प्रोहिबिटेड बोअर), म्हणजे साध्या परवान्यात बसणारी. लाकडी दस्त्याच्या या दोन रायफली शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही, पण कागदाचा रस्ता पूर्ण वेगळा आहे.

एनपीबीचा परवाना आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हाधिकारी. पीबीचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा. अतिरेक्यांपासून जिवाला गंभीर धोका, अशी कारणं तिथे पाहिली जातात. वारसाहक्काची फाईलही जिल्ह्यातली पडताळणी होऊन दिल्लीला जाते. "आजोबा फौजेत होते, त्यांची आठवण आहे" ही भावना मला समजते, पण अर्जात ती कारण म्हणून चालत नाही. निवृत्त जवानांनाही हेच सांगणं: पंधरा वर्षं एसएलआर (लष्कराची 7.62 ची सेल्फ-लोडिंग रायफल) हाताळली म्हणून 7.62 चा परवाना मिळत नाही. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी बारा बोअर किंवा .315 मागा.

अर्ज नमुना ए-1 मध्ये. वय 21 पूर्ण हवं. जन्माचा व पत्त्याचा पुरावा, आधार, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो हे नेहमीचंच. अडतं ते पुढच्या तीन कागदांवर. पहिला, इतर वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहते आणि फाईल परत येते, हे इतक्यांदा घडतं की आता मी पहिल्याच भेटीत विचारतो, "बहिणी किती?" दुसरा, डॉक्टरांचा दाखला. त्यात शारीरिक आणि मानसिक दोन्ही तंदुरुस्ती हवी, शिवाय व्यसनाधीन नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. "फिट आहे" एवढी चिठ्ठी चालत नाही. तिसरा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हे बहुतेकांकडे नसतंच, आणि कुठे मिळतं ते खिडकीवर कुणी धड सांगत नाही. सामान्य माणसाला चार खेपा घालायला लावण्यापेक्षा ही माहिती भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाची धरूनही. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर एक सोडावी लागेल. परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षं आहे. आणि कुणी "ठेवा हो घरात, कोण बघतंय" म्हणालं तर ऐकू नका. निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान सात वर्षं आणि कमाल चौदा वर्षं कैद आहे.

नियमानुसार पोलिस अहवाल 30 दिवसांत आणि त्यानंतर परवाना अधिकाऱ्याचा निर्णय 60 दिवसांत यायला हवा. लोक हे 60 दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजतात आणि उगाच भांडतात. अहवाल कधी पोचला ते लेखी विचारा. नकार आला तर कारणं लेखी मागा. अपिलाचे 30 दिवस आदेशावरच्या तारखेपासून मोजा, टपाल हातात पडल्यापासून नको. पाकीटही फेकू नका. उशीर झालाच तर त्याच्यावरचा शिक्का तुमच्या बाजूने बोलेल.