सेसनाची सीट रेल आणि एआरसी: अर्ज नेमका कुठं अडतो

एआरसी म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचं दरवर्षी नवं करायचं प्रमाणपत्र. त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज डीजीसीएकडून, म्हणजे विमान वाहतूक नियामकाकडून, शेरा मारून परत आला की मालक आधी इंजिनाचे आणि प्रोपेलरचे कागद चाळायला बसतात. ते बहुतेक वेळा नीट असतात. अडलेलं असतं पायलटच्या सीटखाली. सीट ज्या रुळावर पुढं-मागं सरकते, त्या रुळाच्या, म्हणजे सीट रेलच्या, तपासणीची एक ओळ लॉगबुकात नसते, किंवा असून चुकीची असते. नाशिकमध्ये छोटी विमानं बाळगणारे लोक मोजके, त्यामुळं विचारायलाही शेजारी कुणी नसतं. मग माणूस मुंबईला हेलपाटे घालतो. हे हेलपाटे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी ही ओळ एवढी महत्त्वाची का, ते. सेसना या अमेरिकन कंपनीच्या छोट्या विमानांत सीटला खाली एक पिन असते. ती रेलमधल्या भोकात बसली की सीट जागच्या जागी अडकते. वर्षानुवर्षांच्या वापरानं भोक झिजून लांबट होतं, पिन बोथट होते, स्प्रिंग ढिली पडते, नाहीतर भोकात माती बसते. मग पिन भोकात पुरती न उतरता काठावरच टेकते. बसणाऱ्याला वाटतं, सीट लॉक झाली. उड्डाणाच्या वेळी विमान वेग घेतं, नाक वर होतं आणि सीट सुटून मागं धावते. पायलटच्या हातात स्टिअरिंग असतं, तोल सावरायला तो तेच धरून ठेवतो, म्हणजे नकळत मागं ओढतो. नाक आणखी उचललं जातं, आणि जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांचा उचल देणारा जोर तुटला, तर सावरायला उंची उरत नाही. पाय रडरपर्यंत पोचत नाहीत ते वेगळंच. 1989 मध्ये फ्लोरिडात सेसना 185 च्या अपघातात सीट सरकल्याचा दावा झाला आणि 2001 मध्ये तिथल्या ज्युरीनं कंपनीविरुद्ध 480 दशलक्ष डॉलरचा निकाल दिला.

अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकानं, या रेलसाठी 1987 मध्येच एडी, म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह हा सुरक्षेचा सक्तीचा आदेश, काढला होता: 87-20-03. त्याची जागा 2011 मध्ये 2011-10-09 या एडीनं घेतली. विमानाचं डिझाइन ज्या देशाचं त्या देशाच्या नियामकाचा एडी आपल्याकडेही बंधनकारक असतो. त्यामुळं व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानाला ‘हा अमेरिकेचा नियम आहे’ म्हणून सुटका नाही.

पात्रतेचं थोडक्यात. अर्ज मालक किंवा ऑपरेटर करतो, आणि विमानाची देखभाल सीएआर-एम या नियमावलीप्रमाणं कॅमोच्या, म्हणजे देखभालीवर लक्ष ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या, नियंत्रणाखाली असावी लागते. रेल तपासून सही करणाऱ्या एएमईकडं, म्हणजे परवानाधारक देखभाल इंजिनिअरकडं, पिस्टन विमानांचा बी1.2 परवाना आणि त्या विमानासाठी अधिकार हवा. पायलटनं स्वतः बॅटरी लावून रेल बघणं चांगलंच, पण एडीच्या रकान्यात त्याची सही चालत नाही. एआरसी एक वर्षाची असते. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर भरायचा, तो भाग फारसा अवघड नाही.

अडचण पुढं आहे. सगळ्यात जास्त अर्ज मुदतीच्या वाचनात अडतात. एडी म्हणतो, दर 100 तासांनी किंवा 12 महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा. आपले लोक 100 तास वाचतात आणि तिथंच थांबतात. नाशिकला जून ते सप्टेंबर ढग आणि पाऊस, विमान हँगरमध्ये उभं राहतं. एका मालकाचं विमान वर्षभरात जेमतेम 40 तास उडालं होतं. ‘अजून 60 तास शिल्लक आहेत’ असं ते मला मनापासून सांगत होते, आणि बारा महिने उलटून तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांतली प्रत्येक भरारी नियमाबाहेरची ठरली. त्यांचा चेहरा अजून आठवतो. मोजणी मागच्या तपासणीच्या तारखेपासून करा, एआरसीच्या तारखेपासून नाही. आणि नेहमीच्या 100 तासांच्या इन्स्पेक्शनला मिळणारी दहा तासांची सवलत एडीला लागू होत नाही. तिथं 100 म्हणजे 100.

दुसरा घोटाळा जुन्या क्रमांकाचा. लॉगबुकात मागची ओळ बघून पुढची उतरवायची सवय असते, म्हणून 2011 उलटून इतकी वर्षं झाली तरी नोंदीत 87-20-03 येत राहतो. काम नीट झालेलं असतं, पण कागदावर रद्द झालेल्या आदेशाचं पालन दिसतं. तपासणाऱ्यानं ते परत पाठवलं तर त्याच्यावर चिडून उपयोग नाही. मात्र शेऱ्यात ‘एडी स्टेटस अपूर्ण’ एवढंच लिहिण्याऐवजी कुठला एडी आणि काय अपूर्ण हे लिहिलं, तर अर्जदाराचा महिना वाचेल. एवढी अपेक्षा कार्यालयाकडून ठेवणं गैर नाही.

नोंदीत एडीचा क्रमांक, तारीख, त्या दिवशीचे एकूण उड्डाण तास, कुठल्या परिच्छेदानुसार काय केलं, पुढची तपासणी किती तासांना आणि कुठल्या तारखेला, एएमईची सही आणि परवाना क्रमांक, हे सगळं हवं. ‘सीट चेक केली, ओके’ ही नोंद नव्हे. भोकांची झीज एडीतल्या आकृतीप्रमाणं मोजून आकडा लिहा. मोजण्याआधी रेल स्वच्छ करून घ्या. आपल्याकडची बारीक माती भोकात घट्ट बसते, ती झीजही लपवते आणि पिनलाही उतरू देत नाही. पायलट आणि को-पायलट अशा दोन्ही सीटची नोंद हवी. डावीच तपासून उजवी सोडून दिल्याचे कागद मी पाहिले आहेत. प्रशिक्षणाच्या विमानात तर उजवीकडं प्रशिक्षक बसतो.

जो कागद बहुतेकांकडं नसतो तो म्हणजे बदललेल्या भागाचा रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे तो भाग विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला. रेल, पिन, रोलर यांतलं काहीही बदललं असेल तर सीए फॉर्म 1 किंवा एफएएचा 8130-3 लागतो. दुकानाचं बिल त्याऐवजी चालत नाही. परदेशातून आलेल्या जुन्या विमानात रेल आधीच्या मालकानं बदललेली असते आणि कागद तिकडंच राहिलेला असतो. विमान घेतानाच तो मागा. व्यवहार झाल्यावर ईमेलला उत्तर येणं अवघड.

सेसनानं 2007 मध्ये एसईबी07-5 या सर्व्हिस बुलेटिननं पायलटच्या सीटसाठी दुय्यम स्टॉप आणला. पहिली पिन सुटली तरी तो सीटला मागं धावू देत नाही. तुमच्या विमानाला लागू असेल तर जरूर बसवा, असं माझं कळकळीचं सांगणं. पण तो बसवला म्हणून एडीची तपासणी सुटत नाही, आणि त्याची नोंद वेगळी करावी लागते. तसंच ‘सेसना 172 आहे म्हणजे एडी लागू’ किंवा ‘नवं आहे म्हणजे लागू नाही’ असं परस्पर ठरवू नका. मॉडेलचं पुढचं अक्षर आणि सिरियल नंबर एडीच्या यादीशी ताडून बघा. लागू नसेल तर तसंही लेखी नोंदवा. तरीही मेन्टेनन्स मॅन्युअलमधली सीटची तपासणी करावीच लागते.

एअरवर्दीनेस रिव्ह्यू एआरसी संपायच्या आधी 90 दिवसांपर्यंत करून घेता येतो आणि पुढची तारीख मागं सरकत नाही. हे 90 दिवस आधीचे आहेत, नंतरचे नव्हेत. रेलची तपासणी त्याच सुमारास केलीत तर दोन्ही तारखा जवळ राहतात आणि विसरायला होत नाही.

धुळे, शिरपूरकडं उड्डाण शिकायला गेलेल्या मुलामुलींसाठीही सांगतो. सीट लावल्यावर लिव्हर सोडा, पाठीनं आणि पायांनी जोर देऊन ती मागं-पुढं हलते का बघा, वाकून पिन भोकात उतरली का तेही बघा, मगच इंजिन सुरू करा. उंची कमी म्हणून सीट अगदी पुढं घ्यावी लागत असेल तर हे दोनदा करा. सीट जराही सरकली तर टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, स्नॅग (बिघाडाची तक्रार) लिहा, तोंडी सांगून थांबू नका. लिहिलेली स्नॅग एएमईनं बंद केल्याशिवाय ते विमान पुढं उडत नाही. आणि तीच नोंद पुढं एआरसीच्या वेळी मालकाच्या कामाला येते: तक्रार कधी आली, काय बदललं, कुठल्या सर्टिफिकेटचा भाग लावला, सगळं एका जागी सापडतं.