लेओनहार्ट, गुस्ताफ

(३० मे १९२८–१६ जानेवारी २०१२). डच हार्पसिकॉर्डवादक (हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे कळफलकाचे वाद्य), ऑर्गनवादक व वाद्यवृंद-संचालक. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या स्कोला कांटोरम या संगीतविद्यालयात १९४७ ते १९५० शिक्षण. १९५० मध्ये व्हिएन्नात जर्मन संगीतकार बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’ या रचनेने पहिली जाहीर मैफल. ही रचना चार स्वतंत्र ओळींत लिहिलेली असल्याने ती वाद्यवृंदाची किंवा निव्वळ अभ्यासाची, असा समज होता. लेओनहार्टने १९५२ मध्ये त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. ओळी सुट्या लिहिणे ही कळफलकाच्या संगीतातली जुनी रीत होती आणि हे जवळजवळ सगळे फ्यूग (एकच सूत्र एकामागून एक ओळ उचलते अशा रचना) दोन हातांत मावतात, हा त्यातला बिनतोड मुद्दा.

हार्पसिकॉर्डमध्ये कळ दाबली की पिसाच्या दांडीची छोटी नखी तार छेडते. बोट जोरात मारा वा हलके, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. तेव्हा एखाद्या स्वरावर जोर आणायचा तो वेळेतून, ही लेओनहार्टची रीत. महत्त्वाच्या स्वराआधीचा स्वर थोडा लवकर सोडायचा, म्हणजे मधल्या निःशब्दतेमुळे पुढचा उठून दिसतो. तो स्वर स्वतः किंचित उशिरा घ्यायचा. स्वरसंघ एकदम न दाबता खालून वर उलगडायचा. भरीव नाद हवा तर आधीचे स्वर धरून ठेवायचे. हे प्रत्येक मात्रेवर केले की संगीत लंगडू लागते. त्याचे अनुकरण करणारे नेमके इथेच फसले.

वाद्यही बदलावे लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कारखानी हार्पसिकॉर्ड पियानोसारखे जड असत, काहींत लोखंडी चौकटही असे. त्यांचा नाद कोंडलेला. ब्रेमेनचे कारागीर मार्टिन स्कोव्हरोनेक यांनी १९६२ मध्ये अँटवर्पच्या डुल्केनच्या १७४५ च्या वाद्यावरून लेओनहार्टसाठी हलक्या पेटीचे वाद्य घडवले. पुढे १९८४ मध्ये त्यांनीच ‘लफेव्ह्र, रुआँ, १७५५’ अशी सही असलेले एक वाद्य बनवले, आणि भलेभले जाणकार ते अस्सल जुनेच मानून बसले!

संचालन हे लेओनहार्टच्या वादनातूनच आले. १९५० च्या दशकात त्याने लेओनहार्ट कन्सॉर्ट हा छोटा वृंद उभारला. पत्नी मारी त्यात व्हायोलिन वाजवी. बहुतेक वेळा तो हार्पसिकॉर्डवर बसूनच वृंद चालवी. डाव्या हाताने चेलोबरोबर खर्जाची ओळ, उजव्याने तिच्यावर लिहिलेल्या आकड्यांवरून स्वरसंघ: समूहगानाला भरगच्च, एकट्या कोमल आवाजामागे दोन-तीन स्वरांचे.

ऑस्ट्रियन संचालक निकोलाउस हार्नोनकूर्टबरोबर त्याने बाखचे सुमारे २०० धार्मिक कंटाटा (गायक व वाद्यवृंदासाठीच्या रचना) वाटून घेऊन ध्वनिमुद्रित केले. टेलडेक या ध्वनिमुद्रण-कंपनीची ही मालिका १९७१ मध्ये सुरू झाली आणि पुरी व्हायला जवळजवळ दोन दशके लागली. जुनी वाद्ये आणि बहुतेक ठिकाणी स्त्रियांऐवजी मुलांचे आवाज हा तिचा आग्रह. कसदार मुलगा मिळाला तिथे ती आजही अतुलनीय आहे; इतरत्र लांब ओळीत दम अपुरा पडतो, जुन्या ओबोंचा (सनईसारख्या फुंकवाद्यांचा) सूर हलतो. १९८० चा इरॅस्मस पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. त्याआधी १९६८ च्या एका चित्रपटात लेओनहार्टने बाखची भूमिका केली होती. त्यातले संगीत चित्रीकरणातच प्रत्यक्ष वाजवलेले आहे.

ॲम्स्टरडॅममध्ये तो शिकवी आणि वाल्से केर्क या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. टोन कोपमन, क्रिस्टोफर हॉगवुड, बॉब फान आस्पेरेन हे त्याचे शिष्य. कोपमनने पुढे सगळे कंटाटा स्वतःच पुन्हा मुद्रित केले; त्यात मुलांच्या जागी गायिका घेतल्या.