रांगलं नाही म्हणून वाचन अडलं?

तिसरीतलं मूल जोडाक्षरांपाशी अडखळलं की कुणीतरी विचारतंच, “लहानपणी रांगलं होतं का?” मग उपायही सुचवला जातो: रोज सकाळी उजवं कोपर डाव्या गुडघ्याला, डावं उजव्याला. मेंदूचे दोन्ही भाग ‘जुळतात’ म्हणे. अहो, ते जन्मापासून जोडलेलेच असतात.

रांगण्याचा हा सिद्धांत १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातून पसरला. फिजिओथेरपिस्ट ग्लेन डोमन आणि शिक्षण-मानसशास्त्रज्ञ कार्ल डेलाकाटो यांच्या मते रांगण्याचा टप्पा सुटला की वाचन बिघडतं आणि मोठ्या मुलाला पुन्हा रांगवलं की सुधारतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये या उपचाराला पुरावा नसल्याचं स्पष्ट केलं. न रांगता थेट उभी राहणारी मुलंही असतातच.

मग हालचाल आणि भाषेचा संबंधच नाही? आहे की. भाषाविकासात अडचण असलेल्या मुलांना बटणं लावणं, चेंडू झेलणंही बऱ्याचदा जड जातं. पण दोन अडचणी सोबत दिसतात म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही. चेंडू झेलायला शिकवलं की झेल सुधारतो, शब्दसंग्रह नाही.

हाताने अक्षर काढणं मात्र वेगळं. ‘घ’ आणि ‘ध’ नुसते बघून मूल गोंधळतं. स्वतः गिरवताना ‘ध’ची तुटकी शिरोरेषा हाताला कळते. अक्षरओळख पक्की व्हायला याची मदत होते.

बोलणं मागे पडत असेल, तर आधी कान तपासून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा.