मसल कार : घरगुती जीर्णोद्धार व देखभाल

मध्यम आकाराच्या, बहुधा दोन दारांच्या अमेरिकन मोटारीत थोरल्या मोटारीचे व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर असलेले) एंजिन बसवून बेतशीर किमतीत विकलेली वेगवान गाडी म्हणजे मसल कार. तिचा भरभराटीचा काळ स्थूलमानाने १९६४ ते १९७४. अशी गाडी घरच्या गॅरेजमध्ये सुटी करून कारखान्यातून निघाली तशी पुन्हा उभी करणे, ही अमेरिकेतील रुजलेली हौस आहे. ‘जीर्णोद्धार’ हा देवळांच्या संदर्भातला शब्द येथे चपखल बसतो, कारण किती जुने राखायचे आणि किती नवे घालायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

पहिली मसल कार कोणती, याबद्दल एकमत नाही. एक मत १९४९ च्या ओल्ड्समोबिल ८८ कडे बोट दाखवते. हलक्या सांगाड्यात ३०३ घनइंची (सु. ५ लिटर) ‘रॉकेट’ व्ही-८ एंजिन, ही कल्पना तेथे निश्चितच दिसते. दुसरे मत १९५५ च्या क्रायस्लर सी-३०० चे. तिची शक्ती ३०० अश्वशक्ती होती खरी, पण ती मोठी आणि महागडी गाडी होती. तिसरे व अधिक प्रचलित मत १९६४ च्या पाँटियॅक जीटीओचे. पाँटियॅक ही जनरल मोटर्सची शाखा. जनरल मोटर्सच्या अंतर्गत धोरणानुसार मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठे एंजिन नको होते. पाँटियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंची (सु. ६.४ लिटर) एंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न आणता पाँटियॅकच्याच मध्यम आकाराच्या टेंपेस्ट लमाँ गाडीवरील जादा साहित्याचा संच म्हणून विकायला काढले. संचाची किंमत तीनशे डॉलरच्या आतच होती आणि पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. केवळ शक्ती मोजायची तर १९४९ मान्य करावे लागेल. पण आकार, किंमत आणि तरुण गिऱ्हाईक हे तिन्ही एकत्र धरले, तर जीटीओचा दावा सर्वांत भक्कम ठरतो.

या पळवाटेची किंमत जीर्णोद्धार करणारा आजही मोजतो. १९६४ व १९६५ ची जीटीओ कागदोपत्री लमाँ किंवा टेंपेस्टच असल्याने वाहनक्रमांकावरून (नोंदणीचा नव्हे, कारखान्याने गाडीला दिलेला क्रमांक) ती ओळखता येत नाही. १९६६ पासून क्रमांक २४२ ने सुरू होतो, तेव्हा प्रश्न मिटतो. शेव्हरोलेट शेव्हेल एसएसचे उलटे झाले : १९६८ पर्यंत ती वेगळी मालिका होती, १९६९ पासून नुसता संच. त्यामुळे साध्या गाडीला बिल्ले लावून केलेल्या नकला पुष्कळ. खात्री करायची तर कारखान्याचे कागद लागतात. क्रायस्लरच्या गाड्यांत जोडणीच्या वेळचा तक्ता कधीकधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. १९६८ च्या सुमारापासून एंजिनच्या ब्लॉकवर वाहनक्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो आणि तो जुळणारी गाडी अधिक मोलाची. छोट्या शेव्हरोलेट व्ही-८ मध्ये हा ठसा ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठालगतच असतो. ब्लॉकचे हे पृष्ठ यंत्रावर तासून सपाट (फेस) करताना कारागिराला बजावले नाही, तर गाडीची ओळख एका फेऱ्यात साफ होते.

एंजिनबाबत दोन अडचणी काळाने निर्माण केल्या आहेत. पहिली शिशाची. जुन्या पेट्रोलमधील टेट्राएथिल लेड जळून उरणारा शिशाच्या संयुगांचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या ओतीव लोखंडी बैठकीमध्ये राहून दोन्हींची झीज रोखत असे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झाले. सतत भार पडल्यास व्हॉल्व्ह बैठकीत खचू लागतो. त्यावर हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणात) कठीण पोलादी कडी बसवतात. मात्र रविवारी फिरवायच्या गाडीत ही झीज फार मंद असते. हेड अन्य कारणाने उतरले असेल तेव्हाच हे काम करून घ्यावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरी अडचण ऑइलची. या एंजिनांचे टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) सपाट बुडाचे, कॅमच्या उंचवट्यावर घासत चालणारे. ही घासण सोसण्यासाठी ऑइलमध्ये जस्त व फॉस्फरस यांचे संयुग लागते. फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निकामी होतो, म्हणून २००४ नंतरच्या मोटारींच्या सामान्य ऑइलमध्ये त्याचे प्रमाण आणखी घटवले गेले. नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर त्यावर मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडून एंजिन सुरू होताच मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर नेतात आणि वीस ते तीस मिनिटे तेथेच खेळते ठेवतात. संथ गतीत सोडल्यास क्रँकने उडवलेले ऑइल कॅमला पुरेसे पोचत नाही आणि उंचवटे पहिल्याच दिवशी झिजतात.

प्रज्वलनाचे काम त्या मानाने सुखाचे. जनरल मोटर्सच्या व्ही-८ वरील डिस्ट्रिब्यूटरच्या (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीला धातूची चिमुकली खिडकी असते. एंजिन चालू ठेवून ती वर सरकवायची, आत ॲलन की घालून एंजिन अडखळेपर्यंत उजवीकडे फिरवायची आणि अर्धा फेरा मागे घ्यायची. पॉइंट (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणारे संपर्क) जुळले. ही की पाव इंचाच्या निम्मी, म्हणजे आपल्याकडच्या फिटरच्या भाषेत बरोबर एक सूत. गाडीचे बाकी पानेही इंचीच लागतात.

पत्र्यात मागच्या चाकांमागचा खालचा भाग, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि व्हिनाइल टपाखालच्या कडा हमखास सडतात. चकचकीत रंगाखाली काय आहे ते पाहण्यासाठी फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवतात. तो घसरून पडला तर खाली जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सडका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडताना सलग शिवण न मारता दूरदूर ठिपके देतात, नाहीतर उष्णतेने पत्रा फुगतो. १९६७ च्या आधीच्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ब्रेकचा द्रव नळ्यांत ढकलणारा भाग) बहुधा एकेरी असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मूळपणाचा आग्रह येथे सोडलेला बरा. आसने व वायरिंगचे तयार संच लोकप्रिय गाड्यांसाठी सहज मिळतात.

भारतात या गाड्या तुरळक. जनरल मोटर्सने मुंबईतील शिवडीचा जोडणी कारखाना १९५४ मध्येच बंद केला होता आणि पुढे आयातीवर कडक निर्बंध होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, फारसा फेरफार न झालेल्या खासगी वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.