आभासी उलगडणी

आभासी उलगडणी : गुंडाळलेले किंवा घडी घातलेले प्राचीन हस्तलिखित न उघडता, क्ष-किरण चित्रण व संगणक यांच्या साहाय्याने वाचण्याचे तंत्र. इटलीतील हर्क्युलेनियम या प्राचीन नगराच्या जळक्या पपायरस (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला प्राचीन कागद) गुंडाळ्यांमुळे ते सर्वांत जास्त प्रसिद्धीस आले.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम गाडले गेले. तिथल्या एका श्रीमंती वाड्यातील ग्रंथसंग्रह तप्त राखेत जळून खाक झाला नाही, करपून कोळसा झाला. त्यामुळेच तो टिकला. १७५२ च्या सुमारास खोदकाम करणाऱ्यांच्या हाती या गुंडाळ्या लागल्या, तेव्हा काही तर लाकडी कोळसा समजून टाकून दिल्या गेल्या. पूर्ण-अपूर्ण तुकडे धरून सुमारे १,८०० नोंदी आज आहेत; बहुतेक नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, थोड्या पॅरिस आणि ऑक्सफर्डला.

त्या उघडायच्या कशा? चाकूने उभ्या कापण्यापासून सगळे करून झाले. व्हॅटिकनहून आलेल्या अंतोनियो पियाज्जो या धर्मगुरूने दोरे लावून गुंडाळी टांगणारे यंत्र बनवले. पाठीला प्राण्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि दोऱ्याच्या ताणाने पदर हळूहळू सुटू द्यायचा, दिवसाला काही मिलिमीटर. त्यातून ग्रीक तत्त्वज्ञ फिलोडेमस याचे बरेच लेखन हाती आले, पण अनेक गुंडाळ्यांचा चुराही झाला.

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांनी हात न लावता वाचण्याचा मार्ग धरला. मृत समुद्राकाठी एन-गेदी येथे १९७० मध्ये सापडलेली जळकी गुंडाळी त्यांच्या पद्धतीने २०१५ मध्ये वाचता आली; आत बायबलमधील ‘लेवीय’चा हिब्रू मजकूर निघाला. तिथली शाई क्ष-किरणांत उजळ दिसत होती. हर्क्युलेनियमची शाई मात्र काजळी व डिंकाची (आपल्याकडच्या पोथ्यांचीही बहुधा तीच), आणि कागदाचाही कोळसाच झालेला. कोळशावर कोळशाने लिहिलेले क्ष-किरणांना वेगळे दिसणार कसे, ही खरी अडचण होती.

कामाचे टप्पे तीन. इंग्लंडमधील ‘डायमंड लाइट सोर्स’ या सिंक्रोट्रॉनमध्ये (अतिशय प्रखर क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्रात) गुंडाळीचे सुमारे ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) बारकाईचे त्रिमितीय चित्रण होते. मग त्या चित्रात एकेक पदर शोधून सपाट केला जातो. हे सगळ्यांत किचकट, कारण पदर चुरगळलेले, एकमेकांना चिकटलेले असतात. शेवटी यंत्र-शिक्षणाच्या (उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याच्या तंत्राच्या) साहाय्याने शाईच्या खुणा हुडकल्या जातात.

२०२३ मध्ये सील्स आणि तंत्रज्ञान-उद्योजक नॅट फ्रीडमन व डॅनियल ग्रॉस यांनी ही चित्रणे खुली करून ‘व्हेसुव्हियस चॅलेंज’ ही बक्षिसांची स्पर्धा लावली. श्रेय सहसा कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले जाते, पण कुलूप उघडले ते डोळ्यांनी. स्पर्धेत भाग घेणारे केसी हँडमर यांना पडद्यावर तासन्‌तास चित्रे न्याहाळताना काही ठिकाणी भेगाळलेल्या चिखलासारखा पोत दिसला. ती शाई होती. त्यावरून ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने संगणकीय प्रारूपाला शिकवले आणि त्याच वर्षी ‘पोर्फ्युरास’ हा ग्रीक शब्द उमटला. अर्थ, जांभळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये युसेफ नादेर, फॅरिटर आणि जूलियन शिलिगर यांना ७ लाख डॉलरचे मुख्य बक्षीस मिळाले. त्यांनी वाचायला दिलेली २,००० हून अधिक अक्षरे म्हणजे त्या गुंडाळीचा जेमतेम ५ टक्के भाग. विषय सुखाचा : दुर्मीळ पदार्थ मुबलक पदार्थांपेक्षा जास्त आनंद देतात का?

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शाई शोधणाऱ्या या प्रारूपाला ग्रीक येत नाही, आणि ते मुद्दामच. ‘या ठिपक्यावर शाई आहे की नाही’ एवढेच ते सांगते. ग्रीक शिकवले असते, तर त्याने नसलेली अक्षरेही बेमालूम भरली असती. ठिपक्यांतून अक्षर, शब्द आणि अर्थ लावण्याचे काम पपायरसतज्ज्ञांचेच राहते, आणि त्यांच्यात एकेका अक्षरावरून वाद होतात.

२०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गुंडाळीचे नाव वाचता आले : फिलोडेमसकृत ‘दुर्गुणांविषयी’. प्राचीन ग्रंथांत नाव शेवटी, म्हणजे गुंडाळीच्या गाभ्याशी लिहीत, आणि गाभाच सर्वांत कमी खराब झालेला असतो. नाव कळले तेव्हा ग्रंथाचा बहुतांश मजकूर गुंडाळीतच होता.