खातं कुणाच्या वहीत?

वाण्याच्या वहीत आपलं खातं असायचं, कारण उधारी असायची. रोख घेणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवत नसे. कॉम्प्युटरवरचं खातंही असंच हिशेबापोटी सुरू झालं.

१९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एकच महागडं यंत्र आणि ते वापरणारे अनेक. कुणाचा किती वेळ उरला, कुठल्या फाइली कुणाच्या, हे कळायला खातं. ते दुसऱ्याने वापरू नये म्हणून पासवर्ड. तोही लवकरच फुटला. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ तास मिळायचे, ते पुरेनात. १९६२मध्ये त्याने भोकं पाडलेल्या पंचकार्डावरून पासवर्डांची फाइल छापायला सांगितली आणि यंत्राने ती मुकाट छापून दिली.

पर्सनल कॉम्प्युटर आला आणि खात्याचं कारणच संपलं. यंत्र आपलं, वेळही आपला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे पानं जुळवायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी श्री-लिपी असायची. श्री-लिपीसाठी कॉम्प्युटरच्या पाठीला डाँगल, म्हणजे किल्लीसारखा एक छोटा डबा, खोचावं लागे. ते हरवलं की काम ठप्प. हा ताप होताच, पण कुणाची लग्नपत्रिका जुळवली जातेय याची खबर ते डाँगल कुठे पोचवत नव्हतं.

इंटरनेटबरोबर गाडी उलट फिरली. १९९९मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट’ आला, २००८मध्ये ‘फेसबुक कनेक्ट’: एकाच लॉगिनवर अनेक साइट. सोय खरीच होती, म्हणून तर आपण भुललो. २०१३मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीने आपली मोठी सॉफ्टवेअर कायमची विकत देण्याऐवजी भाड्याने द्यायचं ठरवलं. २०२१च्या ‘विंडोज ११ होम’मध्ये तर नवा कॉम्प्युटर सुरू करतानाच इंटरनेट आणि कंपनीचं खातं मागायला सुरुवात झाली. एमआयटीतलं यंत्र निदान संस्थेच्या मालकीचं होतं. इथे पैसे आपण मोजलेले.

मोबाईलवर तर बॅटरी, म्हणजे टॉर्च, लावायलाही ॲप घ्यावं लागे. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे ॲप कोट्यवधी फोनांत होतं. ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरात कंपन्यांकडे पाठवायचं. अटी मान्य की अमान्य, असं विचारायचंही. मात्र तुम्ही बोट टेकवण्याआधीच माहिती गेलेली असायची. ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१३मध्ये हे उघड केलं. त्याच सुमारास आयफोनच्या आणि पाठोपाठ अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येच बॅटरीचं बटण आलं आणि असली ॲपं निरुपयोगी झाली. काढून टाकायची मात्र अनेकांच्या लक्षातच आली नाहीत.

बाहेर पडायचं दार फार उशिरा झालं. युरोपात २०१८पासून जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला, आपली माहिती पुसून टाका असं सांगण्याचा हक्क त्यात आहे. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्याच ॲपमधून ते बंदही करता आलं पाहिजे, ही अट ॲपलने ३० जून २०२२पासून घातली. भारतातल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, असं ग्राहक मंत्रालयाने मे २०२३मध्येच दुकानांना बजावलंय. काउंटरवरचा मुलगा तरीही मान वर न करता विचारतो, “नंबर सांगा.” आणि आपण तर रोखीने घेत असतो.