थंडीत बॅटरी संपत नाही, अडते

फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बरला हिमबिबट्या टिपायला गेलेल्यांची एक तक्रार ठरलेली: "बॅटरी फुल्ल होती हो, दहा-बारा फोटोंत संपली!" गाव ४००० मीटरच्या वर, पहाटेचा पारा उणे २०च्या आसपास. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत बहुधा ० ते ४० अंश असं छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण? आणि बॅटरी संपलेली नसतेच. अर्धा तास अंगाजवळच्या खिशात ठेवली की तीच बॅटरी पुन्हा चालते.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड आणि मधे सेंद्रिय द्रावक असतो. वीज वापरताना लिथियमचे आयन ग्राफाइटमधून निघून द्रावकातून ऑक्साइडमध्ये जाऊन बसतात. थंडीत द्रावक दाट होतो, थिजायला आलेल्या खोबरेल तेलासारखा. इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत ऑक्साइडच्या दारात आहे. आयन धनप्रभारित असल्यामुळे द्रावकाचे तीन-चार रेणू त्याला बिलगलेले असतात. हा लवाजमा घेऊन ऑक्साइडच्या थरांत शिरता येत नाही. एकेकाला झटकावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा रेणूंच्या उष्ण थरथरीतूनच मिळते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियसने १८८९मध्ये मांडलेल्या, रासायनिक क्रियेच्या वेगाच्या समीकरणात तापमान घातांकात, तेही छेदस्थानी बसलेलं आहे. २५ अंशांवरून उणे २०वर येणं म्हणजे केल्विनमध्ये २९८वरून २५३, जेमतेम १५ टक्क्यांची घट. पण झटकण्याची ऊर्जा मोलला ५० किलोजूल धरली, तर ही पायरी सुमारे ३६ पट मंदावते!

याचाच अर्थ बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला. लेन्सची मोटर फिरली, करंट वाढला, की व्होल्टेज धाडकन खाली येतं. कॅमेरा व्होल्टेजच बघतो. त्याला वाटतं, संपली.

टीव्हीवरचे 'भूतशोधक' पडक्या वाड्यात रात्री बॅटरी बसली की आत्म्याने ऊर्जा शोषली म्हणतात. त्यांनी आधी ती बॅटरी खिशात ऊबवून बघावी.

गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला मात्र लावू नका. आता आयनांना उलट ग्राफाइटमध्ये शिरायचं असतं. ते जमलं नाही की लिथियम धातू होऊन पृष्ठभागावरच साचतो, आणि हे नुकसान बरंचसं कायमचं. सेन्सरला थंडी उलट मानवते: उष्णतेमुळे उगीच सुटणारे इलेक्ट्रॉन कमी होतात, चित्रातला रवा, म्हणजे नको असलेले ठिपके, घटतो. खगोलछायाचित्रकार तर कॅमेरे मुद्दाम थंड करतात.

खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव धरेल ते पिशवीवर. तो खोलीइतका गरम व्हायला दोन-तीन तास लागतात, म्हणून कार्ड आधीच काढून घ्या. नाहीतर बिबट्या खरंच टिपला गेलाय का, हे बघायला पिशवीकडे टक लावून बसावं लागतं.